घरी कोंबड्या किती?

कुणाच्या दंडाला सुई लावायची वेळ आली की मी अजूनही आधी विचारते, "घरी कोंबड्या किती?" आमच्या आरोग्य केंद्रात नवे डॉक्टरसाहेब आले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? पेशंट मात्र गोंधळत नाहीत. ते मोजायला लागतात. तीन मोठ्या, एक खुडूक बसलीय, एक मुंगसानं नेली... आणि मुंगसापर्यंत येईतो सुई आत जाऊन बाहेर आलेली असते.

ही विद्या माझी नाही हो. ती मोगी सिस्टरांची.

मोगी सिस्टर आमच्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या नर्स. गाव धडगावकडचं, पार वरचं, जीप जिथं थांबते तिथून पुढं तासभर चालायचं तेव्हा त्यांचा पाडा. मी कोरीटची. आमच्या घरी अहिराणी, त्यांच्या घरी पावरी, आणि दवाखान्यात आम्ही दोघी शाळेत शिकलेली मराठी बोलायचो, सणाला ठेवणीतलं लुगडं नेसावं तशी. मला त्यांनी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "ए कोरीटवाली!" एवढंच. मला सुरुवातीला राग यायचा. आता तशी हाक मारणारं कुणी उरलं नाही, तर चुकल्यासारखं होतं. गेल्या पावसाळ्यात सिस्टर गेल्या, झोपेतच.

आठवतात त्या मात्र नेहमी हिवाळ्यातल्या. आमचं केंद्र तापीच्या काठापासून फार लांब नाही. पौषात सकाळी नदीवरून धुकं वर यायचं आणि आवारातला लिंब दिसेनासा व्हायचा. उसाचे ट्रॅक्टर नुसते आवाजानं कळायचे. त्या धुक्यातून एक बुटकी, सावळी बाई यायची, चष्म्याला मागून दोरा बांधलेला, एप्रनच्या एका खिशात निळा बॉलपेन आणि दुसऱ्यात फुटाणे. पावलांचा आवाज नाही. मी दार उघडून बघावं तर त्या आधीच ओट्यावर उभ्या, हात धुऊन, बोटं वर करून वाळवत. कधी आल्या, कुठून आल्या, पत्ता नाही. पहिल्या महिन्यात तर मला वाटायचं, या बाई रात्री घरी जातच नसाव्यात.

सुई देण्याची त्यांची एक रीत होती. पेशंट बसला की पाकीट हातात घ्यायचं, त्यावरची तारीख बघायची, आणि ते पेशंटच्या कानाजवळ नेऊन फाडायचं. टर्र! "ऐकलंस? ही तुझी. कुणाची उष्टी नाही."

उष्टी सुई हा शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकला. निर्जंतुक, संसर्ग, रक्तातून पसरणारे आजार, हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात घोकायला लावलं होतं. आम्ही ते पेशंटला सांगायचो आणि पेशंट मान डोलवून पुढच्या गावच्या भोंदू डॉक्टरकडे जायचा, जो एकाच सुईनं अख्खा पाडा टोचायचा. सिस्टर म्हणायच्या, "दुसऱ्याच्या तोंडातला घास खाशील का? नाही ना? मग दुसऱ्याच्या अंगातली सुई कशी चालते तुला?" बस. नव्वदीच्या म्हातारीलाही पटायचं. एक बहिरे आजोबा होते, त्यांना टर्र ऐकू येईना. त्यांनी भांडून पाकिटाचा कोपरा स्वतः फाडला आणि रिकामं पाकीट खिशात घालून घरी नेलं. सुनेला दाखवायचं होतं म्हणे.

सुई वापरून झाली की सिस्टर तिच्यावर टोपण परत लावायच्या नाहीत. कधीच नाही. सुई तशीच उघडी कटरमध्ये, कट्, तुकडा पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. तेवढ्या दोन पावलांत त्या मोठ्यानं "सुई!" असं ओरडायच्या आणि आम्ही सगळे बाजूला व्हायचो. कुणाच्या हातात सुई देणं नाही, कुणाकडून घेणं नाही. काटा काढायला म्हणून आमची वापरलेली सुई मागायला बाया यायच्या. बाभळीच्या काट्यांचा मुलूख, आणि आमच्या सुईसारखी टोकदार वस्तू गावात दुसरी नाही. कुणी नेऊन भिंतीत खोचून ठेवली की घरातली दहा माणसं तीच वापरणार. सिस्टर त्यांना ओरडायच्या नाहीत. त्यांच्या टेबलाच्या खणात शिवणकामाच्या नव्या सुयांची पुडी असायची. "काट्याला ही ने. तापव आधी. आणि शेजारणीला द्यायची नाही, तिला सांग मोगीकडं ये."

मी नवीन असताना व्हायचं तेच झालं. सवयीनं टोपण लावायला गेले आणि अंगठ्याला टच्चकन टोचलं. शिवताना टोचतं तेव्हा आपण काय करतो? बोट तोंडात घालतो. मीही घातलं.

"थुंक!" सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या. एवढ्याशा बाईचा एवढा आवाज! मला नळाखाली नेलं, साबण लावला, पाणी वाहू दिलं. मी बोट पिळायला लागले तर हातावर चापट. "पिळू नको, चोखू नको, लपवू नको. चल साहेबांकडं." मी म्हटलं, सिस्टर, थोडंसंच टोचलं, कशाला सांगायचं? त्या म्हणाल्या, "थोडंसं पेरलं तरी उगवतं, पोरी." पेशंटचं रक्त तपासलं, माझंही तपासलं. तो स्वच्छ निघाला म्हणून मी सुटले. पण त्या दोन दिवसांत जेवण गेलं नाही, झोप आली नाही. आपल्या रक्तात काय चाललंय हे आपल्यालाच ठाऊक नसावं, यासारखं वाईट दुसरं काही नाही. सिस्टर दोन्ही दिवस माझ्या शेजारी बसून फुटाणे खात होत्या. मलाही देत होत्या.

अशा या बाई सुईला भीत होत्या, हे सांगितलं तर खरं वाटेल का? मलाही वाटलं नव्हतं.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्या हातांकडे बघत बसले होते. त्यांच्या वयाच्या डोंगरातल्या बाया बघा. कपाळावर, हनुवटीवर, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. सिस्टरांच्या अंगावर ठिपकासुद्धा नाही. मी विचारलं, तुमच्या आईनं गोंदलं नाही का तुम्हाला?

त्या हसल्या. खिडकीबाहेर ऊन असं पिवळं, जड पडलं होतं, आणि त्या त्याच्याकडे बघत बोलत होत्या. "गोंदणारी आली होती. सगळ्या बहिणी ओळीनं बसल्या. मी पळाले आणि धान्याच्या कणगीत लपले. दिवसभर. कणगीत भगरीचा वास होता, उबदार होतं, मला झोपच लागली. उठले तर गोंदणारी गेलेली. आजी चिडली. म्हणाली, बाई वर जाते तेव्हा चांदी इथंच राहते, लुगडं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत जातं. तू रिकामीच जाशील बघ."

"मग पुन्हा का नाही गोंदलं?"

"भीती वाटते गं." आणि आवाज खाली आणून, "टोचायची नाही. टोचून घ्यायची. कुणाला सांगू नको."

मला हसू आवरेना. पण मग लक्षात आलं, आम्हा सगळ्यांना 'ब' काविळीची लस दिली तेव्हा सिस्टरांनी डोळे मिटून टेबल घट्ट धरलं होतं. "दुखणार नाही" हे वाक्य त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही, याचंही कारण कळलं. त्या म्हणायच्या, "दुखेल. घरी कोंबड्या किती?"

आता जमनाची गोष्ट सांगते.

जमना अठरा-एकोणीस वर्षांची, धडगावकडचीच. ऊसतोडीला घरची सगळी खाली आली होती, आमच्या गावाबाहेर त्यांच्या खोपी पडल्या होत्या. तिच्या बापाला टीबी निघाला, औषध सुरू झालं. मग घरातल्या बाकीच्यांची कातडीची चाचणी करायची. या चाचणीत सुई खोल जात नाही. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी वरच्या थरात, जवळजवळ आडवी सरकवायची, आणि थेंबभर औषध सोडायचं. तिथं तुरीच्या दाण्याएवढा फुगा उठतो. "तुरीचा दाणा दिसला नाही तर चाचणी झाली नाही," असं सिस्टर म्हणायच्या. दोन-तीन दिवसांनी जागा किती सुजली ते मोजायचं. जागा सापडावी म्हणून त्या आपल्या निळ्या बॉलपेननं भोवती एक गोल काढायच्या.

जमनाचा हात धरून सिस्टर तिच्याशी पावरीत बोलत होत्या. मला थोडं थोडं समजायचं. खाजवू नको, चोळू नको, आणि हा गोल पुसू देऊ नको. परवा मला तो जसाच्या तसा दिसला पाहिजे. जमनानं मान हलवली. तिनं कोंबड्या नऊ सांगितल्या होत्या.

तो सोमवार होता. सारंगखेड्याची यात्रा भरलेली. त्या दिवसांत आमच्या रस्त्यावरून घोडे जायचे. पांढरे, अबलख, गळ्यात घुंगुर, धुक्यातून आधी घुंगुर ऐकू यायचे आणि मग घोडा. सगळा मुलूख यात्रेला लोटतो, ऊसतोडीवाले का मागं राहतील?

बुधवारी जमना आली. हातात नव्या बांगड्या, केसांना लाल फीत. येऊन तिनं सिस्टरांपुढं हात असा पुढं केला, परीक्षेत पहिली आल्यासारखा. गोल होता. हिरवाकाळा, ठसठशीत, कडा सुजलेल्या. पेनाचा गोल पाण्यानं फिका पडायला लागला, तेव्हा तिनं यात्रेत जाऊन त्यावरून गोंदून घेतलं होतं.

"आता नाही पुसणार," ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. मी तर पदर तोंडात घालून हसले. मला त्याची लाज वाटते आता, पण हसले हे खरं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी जमनाचा हात उजेडाकडं वळवला आणि हळूच विचारलं, "सुई नवी होती?"

जमनाला प्रश्नच कळला नाही. ओळ होती, ती म्हणाली. खूप पोरी होत्या. एक झाली की दुसरी.

सिस्टर स्टुलावर बसल्या. मग मला म्हणाल्या, "तिचं काही चुकलं नाही, कोरीटवाली. मी सांगितलं तसंच केलं तिनं. पुसू देऊ नको म्हटलं, नाही दिलं. पस्तीस वर्षं मी सुईची राखण केली. आणि माझ्याच तोंडच्या शब्दानं पोरगी उष्ट्या सुईखाली गेली."

मी आमच्या तेव्हाच्या डॉक्टरसाहेबांना बोलावून आणलं.

साहेबांनी सगळं नीट सांगितलं. आज रक्त तपासू, काविळीची लस सुरू करू. पण आजचं रक्त स्वच्छ आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. अशा सुईतून काही आलं असेल तर ते लगेच दिसत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांनी पुन्हा, आणि शेवटची तपासणी सहा महिन्यांनी. ती स्वच्छ आली की सुटली. सिस्टरांनी हे सगळं जमनाला आणि तिच्या आईला पावरीत समजावलं, काहीही न लपवता, आणि चूक आपली आहे हेही सांगितलं. आईनं सिस्टरांकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, तुझी म्हणतेस तर तूच शेवटपर्यंत बघ.

टीबीची चाचणी दुसऱ्या हातावर नव्यानं केली. या वेळी गोल काढताना सिस्टर म्हणाल्या, "हा पुसला तरी चालेल. मी शोधीन." ती जागा काही सुजली नाही. ती एक काळजी मिटली.

त्याच दुपारी सिस्टर मला घेऊन यात्रेत गेल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. मी पदर खोचूनच गेले होते. जमनानं सांगितलेल्या झाडाखाली गोंदणवाला दगडूभाऊ बसला होता, बॅटरीवरचं मशीन घुरघुरत होतं. पुढं पोरींची ओळ, बाजूला शाईची एक वाटी आणि पाण्याचा एक पेला. एक पोरगी झाली की तो सुई पेल्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा, आणि पुढचीचा हात धरायचा. सिस्टरांनी पुढच्या पोरीचा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतः तिथं बसल्या.

"भाऊ, सुई बदलत नाही का?"

"बाई, मी धुस ना दर खेपले," तो म्हणाला. "मन्हा बाप बी असंच गोंदे. कोणले काय व्हयनं नही आजवर."

"कुणाला काय झालं हे सांगायला तुझ्याकडं कोण परत येणार?"

दगडूभाऊ चिडला. धंद्याचा टाईम शे बाई, बाजूले सरा. सिस्टर सरल्या नाहीत. त्यांनी तो पेला उचलला. पाणी हिरवट, गढूळ झालेलं, तळाशी तांबूस. त्यांनी तो दगडूभाऊच्या तोंडासमोर धरला.

"पी."

"काय?"

"धुतलंय ना? स्वच्छ आहे ना? पी मग."

त्यानं तोंड असं मागं घेतलं! "या सगळ्या पोरीसनं उष्टं तुम्ही माले पाजतस का?"

"तुला ते ओठाला लावायला चालत नाही," सिस्टर म्हणाल्या, "आणि तू ते त्यांच्या रक्तात घालतोस."

मशीन थांबलं. ओळीतल्या पोरी पेल्याकडं बघायला लागल्या. दगडूभाऊनं पेला घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि बघत राहिला. रागावलेला माणूस कसा एकदम म्हातारा दिसायला लागतो ना, तसं झालं. मग म्हणाला, "मंग आते मी काय करू, बाई?"

पेटीच्या तळाशी नव्या सुयांची आणि मशीनला लावायच्या नळ्यांची पाकिटं होतीच. एक सुई दिवसभर पुरवायची, असा त्याच्या बापाचा शिरस्ता. सिस्टर संध्याकाळपर्यंत तिथं बसल्या. एक पोरगी, एक सुई, नवी नळी, चहाच्या छोट्या कागदी कपात थेंबभर शाई, उरली तर फेकायची. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये. आणि पाकीट फाडायचं पोरीच्या कानाजवळ. आधी गोंदून गेलेल्या जेवढ्या सापडल्या तेवढ्यांना आम्ही केंद्रात बोलावलं. काही आल्या. बऱ्याच आल्या नाहीत. यात्रेतली माणसं कुठून येतात आणि कुठं जातात, कोण सांगणार? सिस्टर त्यांच्यासाठीही कितीतरी दिवस रस्त्याकडं बघत बसायच्या.

त्यानंतर आमच्याकडं वेळ वेगळाच मोजला जाऊ लागला. जमनाचं पहिलं रक्त स्वच्छ. सहा आठवड्यांचं स्वच्छ. तीन महिन्यांचंही स्वच्छ. पण दर वेळी अहवाल येईपर्यंत सिस्टरांच्या खिशातले फुटाणे तसेच राहायचे. एकदा त्या मला म्हणाल्या, रोज पहाटे स्वप्न पडतं. मी कणगीत लपलेय, बाहेर पोरी ओळीनं बसल्यात, आणि मला आतून ओरडता येत नाही.

ऊस संपला, खोपी मोडल्या, जमनाचं घर डोंगरात परत गेलं. मे महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं. सिस्टरांना दोन शब्द बोला म्हटलं, तर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "टोपण परत लावू नका," आणि बसल्या. लोकांना वाटलं पुढं आहे काहीतरी. नव्हतं.

जूनमध्ये त्यांचा फोन. "कोरीटवाली, रजा टाक. शेवटची तपासणी."

आम्ही जीपनं घाट चढलो. चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि सिस्टर खिडकीशी, मांडीवर हात ठेवून. ढग खाली उतरले होते, वळणावर रस्ता संपल्यासारखा वाटायचा आणि मग पुन्हा निघायचा. मला वाटत होतं, आपण जागेपणी कुठं जात नाही आहोत, सिस्टरांच्याच त्या पहाटेच्या स्वप्नात चाललोय. पुढं तासभर पायी. जमना दारातच होती, मक्याची कणसं सोलत. सिस्टरांना बघून तिनं हात पुढं केला आणि हसली. तिनं त्या गोलाभोवती पाच पाकळ्या गोंदून घेतल्या होत्या, फूल केलं होतं. सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "नवी सुई होती," जमना घाईनं म्हणाली. "मी कानाजवळ फाडायला लावली."

तिला आणि तिच्या आईला घेऊन धडगावच्या सरकारी दवाखान्यात आलो. तिथल्या नर्सनं रक्त घ्यायला सुई काढली, तेव्हा सिस्टरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि भिंतीकडं बघतच विचारलं, "घरी कोंबड्या किती?" जमना म्हणाली अकरा.

मग बाक. दुपारभर बाक. समोरच्या रस्त्यावर जीपवाले ओरडत होते, एक म्हातारा आंबे विकत होता. जमना आईच्या खांद्यावर झोपली. मला माझे ते दोन दिवस आठवले. मी पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली, येताना घेतलेली, आणि सिस्टरांपुढं धरली. त्यांनी एक फुटाणा उचलला आणि हातातच धरून ठेवला. म्हणाल्या, "पोरीला काही झालं असेल तर मी काय करू गं?" त्या बाईनं मला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

चार वाजता कागद आला. मी वाचला. पुन्हा वाचला. सगळं निरंक. मी नुसती मान हलवली, आणि सिस्टर रडायला लागल्या. पदर तोंडावर घेऊन, लहान मुलीसारख्या हुंदके देऊन. जमना दचकून जागी झाली, तिला वाटलं वाईट बातमी आहे. मग मी पण रडले, जमनाची आई पण रडली, आणि आंबेवाल्या म्हाताऱ्यानं येऊन विचारलं, कोण गेलं? कुणी नाही बाबा, म्हटलं, दे सहा आंबे.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली एक दुपार शेवटची सांगते. नंतरही सिस्टर मला भेटल्या, पण डोळ्यांपुढं येते ती हीच.

यात्रा भरली होती. धूळ, ऊन आणि घोड्यांचा घाम यांचा वास. दगडूभाऊच्या झाडाखाली सिस्टर पोतं अंथरून बसल्या होत्या, शेजारी कॅन. त्याच्या पेटीवर आता खडूनं लिहिलेलं, नवी सुई तुमच्यासमोर. ओळ तशीच लांब होती. ऊसतोडीला पुन्हा खाली आलेली जमना पोरींना गप्प करत होती. ओळ संपत आली तेव्हा सिस्टरांनी डाव्या हाताची बाही वर केली.

"कोरीटवाली, पेन आहे का?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. मी त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथं त्या लोकांना तुरीचा दाणा उठवायच्या, तिथं निळ्या पेननं गोल काढला. गोल थोडा वाकडा आला. "असू दे," त्या म्हणाल्या. "आजीला दाखवायला एक तरी पाहिजे."

दगडूभाऊनं हात धुतले. पाकीट त्यांच्या कानाजवळ नेलं आणि फाडलं. टर्र. सिस्टरांनी डोळे गच्च मिटले. त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता, गार आणि ओला, आणि माझी बोटं मोडतील इतका घट्ट. मशीन घुरघुरायला लागलं. लांब कुठंतरी घुंगुर वाजत गेले.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "दुखेल हं, सिस्टर. घरी कोंबड्या किती?"

"एक काळी," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "एक तांबडी, ती खुडूक. दोन पांढऱ्या. एक लंगडी आहे, ती शेजारणीची, पण येते आमच्याकडंच..."

मशीन थांबलं. दगडूभाऊनं फडकं न घेता नवा कापूस घेतला, हळूच टिपलं. "व्हयनं, बाई," तो म्हणाला.

"थांब रे," सिस्टर म्हणाल्या. "अजून कोंबडा राहिलाय."